आठशे किलोमीटरची मुदत

८००

मरणाऱ्याने आपल्या मरणाची आगाऊ सूचना द्यावी, आणि तीही किलोमीटरमध्ये, असं मी कुठे ऐकलं नव्हतं. माझ्या गाडीने दिली.

रविवारी सकाळी भाट्याच्या पुलावरून परत येत होतो. समोरच्या पडद्यावर एक नारिंगी वाक्य उगवलं. इंग्रजीत होतं, पण अर्थ साधा होता : निळ्या झाकणाच्या टाकीतला द्रव चुकीचा आहे, आठशे किलोमीटरनंतर इंजिन सुरू होणार नाही. मी गाडी बाजूला घेतली, बंद केली, मनातल्या मनात दहा आकडे मोजले आणि पुन्हा सुरू केली. वाक्य तिथेच होतं. थोडं पुढे गेल्यावर आठशेचे सातशे नव्याण्णव झाले.

मी विनीत. संगमेश्वरजवळच्या एका काजूच्या कारखान्यात प्रतवारीचा सुपरवायझर. आख्खा काजू कोणता, पाकळी कोणती आणि तुकडा कोणता, हे तीस बायकांना सांगायला मला ठेवलंय. त्या तीसही जणींना ते माझ्यापेक्षा चांगलं कळतं. रोज खेडशीच्या घरातून चाळीस किलोमीटर जायचं आणि चाळीस यायचं. एवढ्यासाठी शहाणा माणूस बाईक घेतो. मी सहा वर्षं वापरलेली, काळी, लांबलचक जर्मन डिझेल सेदान घेतली. हिच्या मागच्या सीटला मालिश करायची सोय आहे. मागच्या सीटवर माझा डबा असतो. त्याला रोज मालिश होते.

घरात आम्ही तिघं. आई गेल्यापासून बाबा, मी आणि धाकटी सानिका. बाबांनी माझ्यासाठी वाडीतल्या दादूअण्णांची छोटी पेट्रोल गाडी ठरवली होती, शब्दही दिला होता. मी न सांगता पुण्याहून ही उचलून आणली. बाबांना शब्द मोडावा लागला. त्या दिवसापासून, म्हणजे चार महिने, ते ओटीवर बसून पेपर वाचत होते. पेपर खाली केला असता तर माझ्याशी बोलावं लागलं असतं. गाडीत ते एकदाही बसले नाहीत.

तीन आठवड्यांपूर्वी गाडीने पहिली कुरकुर केली होती. ती साधी होती : निळ्या झाकणाची टाकी संपत आलीय, भरा. मी अनिलला बोलावलं. अनिल म्हणजे पहिलीपासून माझ्या बाकावर बसलेला माणूस. आता कुवारबावला त्याचं गॅरेज आहे. तो ओटीवर चहा पीत म्हणाला, "विन्या, या बाईला डिझेल लागतं, युरिया लागतो आणि तुझं रक्त लागतं. पहिल्या दोन गोष्टी मी आणून देतो. आठ दिवस थांब, कोल्हापूरहून कॅन मागवतो."

चारच दिवसांत ती कुरकुर आपोआप गेली. मला वाटलं, अनिल सकाळी येऊन भरून गेला असणार. कुणाला न सांगता उपकार करायची त्याला जुनी खोड आहे. मी आभारही मानले नाहीत. मैत्रीत ते शोभत नाही, शिवाय कंटाळाही आला होता.

त्याच सुमारास गाडी उभी राहते तिथे, उजव्या अंगाला, वाळलेल्या गवतात हातभर जागा हिरवीगार झाली. सानिका म्हणाली, "तुझ्या गाडीचा एसी गळतोय." मी म्हणालो, "गाडीचा पायगुण आहे."

आता पायगुणाचे सातशे नव्वद किलोमीटर उरले होते.

५३०

सोमवारी रजा टाकून कोल्हापूर गाठलं. असल्या गाड्यांचा वैद्य आमच्या जिल्ह्यात नाही.

वर्कशॉपमध्ये पांढऱ्या शर्टातल्या एका माणसाने डिझेलच्या झाकणाशेजारचं निळं झाकण उघडलं, नळी घातली आणि थोडा द्रव बाटलीत काढला. मग बाटली उजेडात धरली. त्या टाकीतलं, धूर साफ करणारं औषधी पाणी नितळ असायला हवं होतं. हे किंचित पिवळसर होतं, वर तेलाचा पातळ तवंग आणि तळाला मातीसारखा गाळ.

"हे आमचं नाही," तो म्हणाला. "कुणीतरी भलतंच ओतलंय. टाकी, पंप, नळ्या, सगळं बदलावं लागेल. सुटे भाग बाहेरून येतात. दोन महिने धरा."

त्याने खर्चाचा अंदाज सांगितला. मी मागच्या सीटवर जाऊन बसलो आणि मालिशचं बटण दाबलं.

येताना घर ओलांडून थेट कुवारबावला गेलो. अनिल एका रिक्षाखाली झोपला होता. त्याचे पाय तेवढे बाहेर होते. मी पायांशी बोललो.

"निळ्या टाकीत काय भरलंस?"

"काय भरलं? कॅन अजून यायचाय," पाय म्हणाले.

"मग टाकी भरली कशी? गाडी रात्री उठून विहिरीवर गेली?"

अनिल सरपटत बाहेर आला. "मी नाय भरलेलं. देवाशपथ. काय झालंय काय?"

मी बाटली त्याच्या हातात दिली. त्याने झाकण उघडलं, हुंगलं, बोटाच्या टोकाला थेंब घेऊन चोळला. मग झाकण अगदी सावकाश बंद केलं आणि हात पुसायला लागला. इतका वेळ हात पुसणारा माणूस मी ऑपरेशन थिएटरबाहेरही पाहिला नव्हता.

"हां," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "मीच भरलं."

"आत्ता तर देवाची शपथ घेतलीस!"

"आठवलं. लोकल माल होता. चूक झाली माझी. जो खर्च येईल तो मी बघतो. पण आता हा विषय संपव, विन्या. घरी कुणाला काही विचारत बसू नकोस."

मी विषय संपवला नाही. तिथे उभा राहून जी वाक्यं बोललो, त्यांचा दर्जा बाटलीतल्या द्रवापेक्षा वाईट होता. तू माझ्या गाडीवर जळतोस, हेही बोललो. रिक्षावाला चहा पिऊन परत आला होता, त्याने ते ऐकलं. अनिल पुन्हा रिक्षाखाली गेला.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. मी थांबलो नाही.

४९०

आमच्या कारखान्याच्या दोन मिनीबस आहेत. गावोगावच्या बायकांना आणायला आणि सोडायला. त्यांच्या देखभालीचं काम जुन्या माणसाकडून काढून नव्याला द्यायचं चाललं होतं. मालक महिपतराव. अनिलचं नाव त्यांना मीच सुचवलं होतं. तो त्या कामाच्या भरवशावर होता. खेडजवळच्या लोट्याच्या एका कंपनीने त्याला नोकरी देऊ केली होती, ती त्याने लांबणीवर टाकली होती. मनस्वी, म्हणजे त्याची बायको, आठव्या महिन्यात होती. तिला सोडून त्याला लांब जायचं नव्हतं.

मंगळवारी मी महिपतरावांच्या केबिनमध्ये गेलो आणि म्हणालो, "साहेब, अनिलच्या हातात बस देऊ नका. स्वतःच्या मित्राच्या गाडीत भलतं ओततो आणि वर खोटं बोलतो."

"बरं झालं आधी बोललास," ते म्हणाले. "या आठवड्यात ठरवायचंच आहे."

एवढंच. एका माणसाचं वर्ष फिरवायला मला चहा गार व्हायच्या आत जमलं.

बाहेर आलो तर दाराशी मैनाकाकी. आमच्या प्रतवारीतल्या सगळ्यात जुन्या. खवट काजू त्या तोंडात न घालता ओळखतात. पोत्याजवळून नुसत्या गेल्या तरी नाक मुरडतात आणि ते पोतं परत जातं. एकदा पाहुण्या इंजिनिअरने आणलेल्या यंत्राचं आणि त्यांचं जुळलं नाही, तेव्हा यंत्र परत गेलं.

"काय रं, काय बोल्लास त्या अनिलबद्दल?"

"काकी, तुम्ही ऐकलंत?"

"नाक हाय तसे कान पन हायत. तो पोरगा माझा जावय हाय, ठावं हाय ना तुला?"

ठाऊक होतं. मनस्वी काकींची लेक. पण रागात माणूस नाती विसरतो, माझ्यासारखा तर स्वतःचं गावही विसरतो.

"जावय हाय म्हनून नाय इचारत," काकी म्हणाल्या. "त्या बसमधून आमी तीस बायका येतो. उतारावर बरेक लागंल का नाय, ते डायवरला पन ठावं नसतं. मागं बस वाटेत बंद पडलेली, तवा अनिलनं येऊन बरेक काढला नि आमाला दाखवला, किती झिजलाय तो. असला मानूस भलतं ओतनार? दाव ती बाटली."

बाटली माझ्या पिशवीतच होती. पुरावा सोबत बाळगावा असं वाटत होतं. काकींनी ती नाकाशी नेली. एकदा हुंगली. पुन्हा हुंगली. दोनदा हुंगताना मी त्यांना नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं.

"आता सांग. अनिल काय बोल्ला? पैल्यापासनं."

मी सांगितलं.

"म्हंजे आदी नाय बोल्ला. मंग व्हय बोल्ला. मदी काय झालं?"

"मध्ये काही नाही. मी बाटली दिली."

"त्यानं उघडली?"

"हो."

"हुंगली?"

"हो."

"मंग मदी लय काय झालं की रं!" काकींनी बाटली माझ्या छातीवर टेकवली. "कुनी ओतलं ते त्याला बाटलीनं सांगितलं. आनि ज्याचं नाव निघालं, त्याच्यासाटी त्यो खोटं बोल्ला. घरी कुनाला इचारू नको बोल्ला ना? कुनाच्या घरी?"

"माझ्या," मी म्हणालो. माझा आवाज जरा खाली आला होता.

"शुक्रवारी कामावरनं तुज्याबरोबर येते. रात्री मनस्वीकडं राहीन."

"पण बाटलीत आहे काय?"

"कडू हाय," काकी म्हणाल्या आणि आपल्या पाटावर जाऊन बसल्या.

२१०

चार दिवस मी तपास केला. माझ्या पद्धतीने, म्हणजे चुकीचा.

आधी पुण्याच्या ऋत्विकला फोन केला. गाडी त्याने विकली होती. "सर, गाडी एकदम लोणी आहे," तो म्हणाला. मी म्हणालो, लोण्यात पाणी निघालंय. तो बिचारा इतका घाबरला की त्याने जुन्या मालकाची सगळी कागदपत्रं पाठवली, मालकाच्या कुत्र्याच्या लशीच्या दाखल्यासकट. विक्रीच्या आधी टाकी धुऊन भरल्याची नोंद त्यात होती. काकींना दाखवली तर त्या म्हणाल्या, "चार महिने गाडी तेच प्याली नि तिनं तक्रार केली नाय. मंग त्याचा काय दोस? जे काय ओतलंय ते त्याच्यानंतर."

मग संशय सानिकावर गेला. कारण बाटली मीही हुंगली आणि एकदम ओळख पटली. कडुनिंब! सानिका कडुनिंबाचा लेप तोंडाला लावते. रविवारी सकाळी ती आरशासमोर बसली की घरात हिरव्या रंगाचं कुणीतरी राहायला आलंय असं वाटतं. शिवाय तिच्याकडे कारणही होतं. तिच्या स्कूटरची सावलीची जागा माझ्या गाडीने घेतली होती.

"तू माझ्या गाडीत लेप ओतलास?" मी विचारलं.

"दादा," ती म्हणाली, "त्या पावडरची पुडी एवढीशी येते. तुझ्या गाडीच्या तोंडाला पुरायची पण नाही."

शुक्रवारी संध्याकाळी, ऊन असतानाच, काकींना घेऊन घरी पोचलो. पडद्यावर दोनशे दहा. काकी मागच्या सीटवर मालिश घेत आल्या होत्या. उतरताना एवढंच म्हणाल्या, "ही सीट गुदगुल्या करते."

त्या घरात गेल्याच नाहीत. गाडीच्या उजव्या बाजूला जाऊन उकिडव्या बसल्या.

"हे गवात कदीपासनं असं?"

"तीन आठवडे. एसीचं पाणी गळतं तिथे," सानिका ओटीवरून म्हणाली.

"पान्यानं गवात हिरवं व्हतं बाय. काळं-हिरवं नाय व्हत. आनि हे मदी बघ. जळलंय. मदी जळलंय नि कडंनं माजलंय. असं कशानं व्हतं, ते शेतावर राबलेल्याला इचार." काकींनी मान वर केली आणि ओटीकडे बघून आवाज चढवला. "काय वो गंगारामभाव? कशानं व्हतं?"

गंगाराम म्हणजे माझे बाबा. त्यांचा पेपर हलला नाही. पण वाचणाऱ्या माणसाचा पेपर अधूनमधून हलतो.

काकी ओटीवर चढल्या आणि आम्हा दोघा भावंडांना समोर बसवलं. बाटली मध्ये ठेवली.

"ऐका. या बाटलीत कडुनिंब हाय, पन पाला नाय. लेप असता तर हिरवा गाळ आला असता. वर तवंग हाय, म्हंजे निंबोळीचं तेल. आता तेल कुनी गाडीत कशाला ओतंल? नाय ओतनार. तेल दुसऱ्या कशाला तरी लागून आत गेलं. असं काय हाय, ज्याला आदीच निंबोळीचं तेल लावलेलं असतं? पिवळट असतं, पान्यात इरघळतं, नि सांडलं तर गवात मदी जाळतं आनि कडंनं माजवतं?"

सानिकाच्या तोंडातून हळूच निघालं, "युरिया. खताचा. भाताला घालतो तो."

"आता समदा युरिया तेल लावूनच येतो. गोनीवर लिवलेलं असतं. म्हंजे ज्यानं ओतलं त्याला या गाडीला युरिया लागतो एवढं ठावं व्हतं, पन त्यो कंपनीचा वेगळा, शुद्ध असतो, हे ठावं नव्हतं. अनिलला दोन्ही ठावं. पुन्याच्या मानसाला दोन्ही ठावं. या पोरीला त्यातलं एक पन ठावं नव्हतं. ज्या दिशी अनिल हितं बसून युरियाचं बोल्ला, त्या दिशी ओटीवर कोन कोन व्हतं?"

"सानिका क्लासला होती," मी म्हणालो. "अनिल, मी आणि..."

मी पेपरकडे पाहिलं.

पेपर खाली आला. चार महिन्यांनी मी बाबांचा चेहरा समोरून पाहिला. दाढी पांढरी झाली होती. ती कधी झाली, मला माहीत नव्हतं.

"मी घातला," बाबा म्हणाले. "भाताचा उरलेला होता, ओटीवर अर्धी गोण. तुम्ही दोघं आत गेलात तरी अनिल बोलत होता, एक हिस्सा युरिया आणि दोन हिस्से पाणी असतं त्यात. मी तसाच केला. पाणी आधी उकळलं. गार केलं. तुझ्या आईच्या जुन्या पातळातून तीनदा गाळलं. ओतताना थोडा सांडला. हात थरथरतो हल्ली."

"पण का, बाबा?"

"रोज ऐंशी किलोमीटर जातोस. गाडी संपत आलंय, संपत आलंय म्हणत होती. वाटेत बंद पडली असती म्हणजे?"

"मला विचारायचं तरी!"

"कसं विचारू? आपण बोलत कुठे होतो?"

"तुम्हीच बोलत नव्हतात!"

"मी पेपर वाचत होतो."

"चार महिने?"

"मोठा असतो हल्ली पेपर," बाबा म्हणाले.

एरवी मी हसलो असतो. असलं उत्तर द्यायची सवय मला कुठून लागली ते मला त्या क्षणी कळलं. पण हसता आलं नाही, कारण बाबांनी पुढचा प्रश्न विचारला.

"अनिलला हे कळलं होतं?"

"वासावरनंच," काकी म्हणाल्या. "त्याचा बाप पन शेतकरीच. बाटली हुंगली नि त्याला कळलं, ही गोन कुनाच्या ओटीवरची. तुमा बापलेकांचं आदीच वाकडं. त्यात ही गाडी तुमी मारलीत असं कळलं असतं, तर पुढची चार वर्सं पेपर वाचावा लागला असता. म्हनून त्यो बोल्ला, मी भरलं. युरियाचं नाव पन त्याच्याच तोंडातनं निघालं व्हतं, ते त्याला लागलं असनार."

बाबा माझ्याकडे बघत होते.

"आणि तू काय बोललास त्याला?"

मी गवताकडे बघत राहिलो. काकींनी माझ्याऐवजी सांगितलं. सगळं. महिपतरावांच्या केबिनमधलंसुद्धा. बाबांनी पेपरची घडी घातली, पुन्हा घडी घातली, ती इतकी लहान झाली की आणखी घालता येईना.

"खवट हाय म्हनायच्या आदी आपन काजू फोडून बघतो, सुपरवायझर," काकी मला म्हणाल्या. "मानूस तू फोडून पन बघितला नायस."

मी अनिलला फोन लावला. त्याने उचलला नाही. सात वेळा उचलला नाही.

पण शनिवार अजून उजाडायचा होता. आठवडा संपायला एक दिवस होता.

१७०

सकाळी शिपायाच्या आधी केबिनच्या दाराशी उभा होतो. महिपतराव आले, चप्पल काढली, देवाला उदबत्ती लावली. मी त्या धुरात उभं राहून सगळं सांगितलं. युरिया, कडुनिंब, आईचं पातळ. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी चष्मा पुसला.

"म्हणजे त्या पोराची चूक नव्हती."

"नव्हती साहेब. चूक माझी. काम त्यालाच द्या."

"काल दुपारी दिलं. चिपळूणचा माणूस आहे. नारळ वाढवला, कागद झाला. वर्षाचा करार." ते काही वाईट माणूस नाहीत. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "अरे, तू म्हणालास म्हणून नाही तर मी..."

"हो."

"आता शब्द कसा मोडू?"

मला एका मोडलेल्या शब्दाची चार महिन्यांची किंमत माहीत होती. बाहेर दुसरी मिनीबस येऊन थांबली. बायका उतरायला लागल्या. सकाळी माझ्याबरोबरच आलेल्या काकींनी केबिनच्या खिडकीतून माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं. त्यांना विचारावं लागलं नाही.

०

गाडी मंगळवारी गेली. कारखान्यातून निघालो तेव्हा पडद्यावर दहा होते. अर्ध्या वाटेच्या अलीकडेच शून्य झालं, तरी ती चालतच होती. चालती आहे तोवर ती चालणार होती. फक्त बंद करायची नाही. पुढच्या टपरीवर मी चहा प्यायला उतरलो आणि सवयीने बटण दाबून बंद केली.

ती तिथेच आहे. चहावाल्याने तिच्या बॉनेटवर कोकम वाळत घातलंय. विचारून घातलंय.

मी एसटीने जायला लागलो. अनिलच्या गॅरेजचं शटर दोन दिवस अर्धं दिसत होतं. दोनदा घर ओलांडून तिथे उतरलो, तर आतून मनस्वी म्हणाली, "ते कामात आहेत." गुरुवारी काकी म्हणाल्या, "आज दुपारी जातोय लोट्याला. नोकरी धरली. खोली बघून मंग हिला नेईल, नायतर मी राहीन हिच्यासंगं." मी अर्धा दिवस टाकला.

गॅरेजात पोचलो तर बाबा आधीच तिथे होते. स्टुलावर बसून पाने पुसून पेटीत आकाराप्रमाणे लावत होते. शनिवारपासून रोज येत होते म्हणे. मला सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

"पोरा, मी त्या मालकाच्या पायावर डोकं ठेवायला जातो," बाबा अनिलला म्हणत होते. "बोलतो त्याला, म्हातारा आहे मी, मला काय कळतंय."

"काका, चहा घ्या. गार होतोय," अनिल म्हणाला. "तुमच्यावर माझा राग नाय. खरंच नाय. तुम्ही पातळातून गाळलंत हे ऐकून मी घरी जाऊन हसलो. तीनदा गाळलंत?"

"तीनदा."

"कंपनी पण एवढं करत नसेल."

दोघं हसले. मी शटरखाली उभा होतो. अनिलने मला पाहिलं होतं.

"अनिल," मी म्हणालो. "मी साहेबांना सगळं सांगितलंय. वर्ष संपलं की काम तुलाच. मी लिहून घेतो त्यांच्याकडून. आणि मी जे बोललो ते..."

"जळतो म्हणालास ते?"

"सगळंच. मला माहीत नव्हतं रे."

अनिलने पेटीचं झाकण लावलं. कडी बसेना, ती त्याने तळव्याने ठोकून बसवली.

"काकांना माहीत नव्हतं," तो म्हणाला. "त्यांना कोण काय सांगणार? त्यांना गाडीतलं काय कळतंय? पण तुला मी माहीत होतो ना, विन्या. पहिलीपासून."

मी पेटी उचलायला वाकलो. मला कशालाही उत्तर देता येतं अशी माझी ख्याती आहे.

पेटी जड होती. एका बाजूची कडी बाबांनी धरली, दुसरी मी धरली. अनिल नको म्हणाला, पण बाबांनी ऐकलं नाही, आणि बाबांच्या हातून ओढून घेणं त्याला जमलं नाही. स्टॉपपर्यंत आम्ही तिघं एका ओळीत चाललो. अनिल पिशवी घेऊन पुढे, मागे पेटी आणि तिला लटकलेले आम्ही बापलेक. बाबांचा हात थरथरत होता, ते मला पेटीतून कळत होतं.

खेडची गाडी आली. मनस्वी गॅरेजच्या दारातून हात हलवत होती. अनिलने पेटी वर चढवली, पिशवी चढवली, खाली उतरून बाबांच्या पाया पडला. मी हात पुढे केला. त्याने तो हातात घेतला, सोडला, आणि चढला.

कंडक्टरने आम्हा तिघांना एकदम पाहिलं आणि तिकिटाचं मशीन हातात घेऊन विचारलं, "तिघं काय?"

"नाय," अनिल म्हणाला. "एकच."